तोवाच्या हनुवटीखालच्या रेघा

किनुए ओनोदेराने सगळ्यात आधी संशय घेतला तो माझ्यावर. कारण एवढंच, की मी डावखुरी आहे.

ते १९९७ साल होतं. नेरिमाला कोबीच्या शेतांना लागून एक दुमजली घर होतं, त्याच्या तळमजल्यावर आमची, मदतनीस चित्रकारांची, टेबलं. घर आमच्या बाईंचं, सेगावा सेन्सेईंचं. 'मिठाचा दरवाजा' ही त्यांची मंगा, म्हणजे चित्रकथा, मुलींच्या एका मासिकात दर महिन्याला यायची आणि तिचं आठवं वर्ष चालू होतं. तोवा ही मिठागरावरची मुलगी. दोरीला गाठी मारून, मिठाचं रिंगण घालून, कातरलेले पांढरे कागद टांगून ती दुसऱ्या मुलखात जाणारं दार उघडते. त्या सीमेवर रेकी नावाचा पहारेकरी असतो. दोघांचा एकमेकांवर जीव जडतो, पण दार मिटलं की रेकी तिला साफ विसरतो. पुढच्या दारापाशी तोवाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आठ वर्षं मुली हे वाचून रडत होत्या आणि आम्हाला पत्रं पाठवत होत्या.

तोवा आणि रेकी, म्हणजे चेहरे, केस, हात, हे सेन्सेई काढायच्या. डोंगर, घरं आणि बाजारातली गर्दी माझ्याकडे. आणि विधी किनुएकडे. मासिकातल्या दुसऱ्या कुठल्याही गोष्टीत मंत्राचं रिंगण म्हणजे कंपासने काढलेलं वर्तुळ आणि आत काहीबाही अक्षरं. किनुएच्या रिंगणात मीठ कुठल्या मुठीने टाकलंय तेही कळायचं.

तिचे वडील मियागीच्या किनाऱ्यावरच्या एका मासेमारी गावात देवळाचे पुजारी होते. वर्ष संपत आलं, की गावातल्या घराघरात देवापुढे टांगायचे कागद ते सुरीने कातरायचे. तिच्या हातात त्यांनी सहाव्या वर्षी सुरी दिली. घाव चुकला तर कागद फेकून देत नसत, तिच्यासमोर ठेवत आणि म्हणत, "देव बघेल त्याच्या आधी तू बघ."

ती बघायला शिकली. पंचविसाव्या वर्षी तिचं लग्न ठरलं, लांब पल्ल्याच्या बोटींवर काम करणाऱ्या माणसाशी. बंदराबंदरातून त्याची पत्रं यायची. चौथं पत्र आलं तेव्हा ती वडिलांना म्हणाली, "ही त्यांनी लिहिलेली नाहीत. अक्षराच्या शेवटच्या फराट्याला आकडी आहे, त्यांच्या फराट्याला नसते." घरात सगळे हसले. दोन महिन्यांनी कळलं, की पत्रं त्याची वहिनी लिहीत होती आणि त्याने उत्तरेत एका बंदरावर दुसरंच घर मांडलं होतं. लग्न मोडलं. त्या प्रकरणाने तिचा माणसांवरचा विश्वास उडाला असं गावात म्हणायचे. मला मात्र वाटतं, तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास वाढला आणि तो जरा जास्तच वाढला.

तोंडावर मी तिला अहो-जाहो करायची. ती माझ्याहून सोळा वर्षांनी मोठी होती, आणि सेन्सेईंकडे तिलाही तेव्हा सोळाच वर्षं झाली होती.

त्या वर्षी फेब्रुवारीपर्यंत सेन्सेई आमच्याबरोबर खालीच बसायच्या, खिडकीजवळच्या टेबलाशी. मग एक दिवस म्हणाल्या, "कंबर फार धरते. मी वरच्या खोलीत खाली बसून काढत जाईन." त्या वर गेल्या त्या गेल्याच. शाई दिलेली पानं त्यांचे यजमान तामोत्सुसान ट्रेमधून खाली आणायचे. पानांसोबत चहा यायचा, सेन्सेई यायच्या नाहीत.

मे महिन्यात एका सकाळी किनुए भिंग हातात धरून म्हणाली, "होरी, रविवारी कुठे असतेस तू?"

"घरी."

"घरी काय करतेस?"

"झोपते. का हो?"

"दिवसभर?"

"दिवसभर कशी? मधे उठून जेवते."

ती हसली नाही. एक कोरा कागद माझ्याकडे सरकवून म्हणाली, "इथे हनुवटी काढ. खाली सावली दे."

मी काढली. तिने त्यावर इतका वेळ भिंग धरलं, की मला उगीचच चोरी केल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी तिने कागद परत केला. "नाही. ही तू नाहीस."

"मी नाही म्हणजे? कोण नाही मी?"

तिने तोवाचं पान पुढे ओढलं. हनुवटीखाली सावलीच्या बारीक तिरक्या रेघा होत्या. मग कपाटातून दोन वर्षांपूर्वीचं पान काढून शेजारी ठेवलं. जुन्या पानावर रेघा वरून उजवीकडून खाली डावीकडे उतरत होत्या, उजव्या हाताने मारल्यावर उतरतात तशा. नव्या पानावर बरोबर उलट्या. अशा रेघा मी मारते.

"आणि मान बघ," किनुए म्हणाली. "डाव्या हाताला उजवीकडे बघणारा चेहरा सोपा जातो. तीन अंक झाले, तोवा उजवीकडेच बघतेय."

"बिचारीचं डावीकडे काही उरलं नसेल."

"होरी, हे चेहरे सेन्सेई काढत नाहीयेत."

तिने हे इतक्या हळू सांगितलं, की मी आधी छताकडे बघितलं.

त्या घरात डावखुरी माणसं दोन. एक मी, आणि माझी तर तपासणी झाली होती. दुसरे तामोत्सुसान. पूर्वी ते जहाजं बांधणाऱ्या कारखान्यात नकाशे काढायचे. ते सोडून दहा वर्षं झाली होती. आता घर आणि स्वयंपाक बघायचे आणि दुपारचं जेवण आम्हाला स्वतः वाढायचे. त्यांच्या हातच्या मुरवलेल्या मुळ्यासाठी मी दुसरीकडे चांगली नोकरी मिळत असताना गेले नव्हते.

त्याच दुपारी किनुए स्वयंपाकघरात गेली. मी दारातच होते.

"छान बसलाय हात," ती म्हणाली. ते मुळा सोलत होते, डाव्या हाताने, एकसारखी लांब साल काढत.

"बावीस वर्षं नकाशे काढले ना."

"माणसं काढायचात?"

"जहाजात माणसं काढत नाहीत, ओनोदेरासान. ती नंतर चढतात."

"सेन्सेईंची कंबर कशी आहे?"

"आहे तशीच."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"दाखवलं."

"कुठल्या?"

त्यांनी सुरी खाली ठेवली. "तुमच्या नूडल्स गार होतायत," ते म्हणाले आणि पाठ फिरवून नळ सोडला.

तेव्हापासून किनुए त्या माणसावर नजर ठेवायला लागली. त्यांच्या डाव्या बाहीच्या काठाला शाईचा डाग तिला दिसला. जेवण घेऊन ते वर गेले, की दीड-दीड तास खाली येत नाहीत हेही तिने टिपलं. एका विधीत गाठी किती ते विचारायचं होतं, म्हणून ती जिन्याकडे निघाली. तामोत्सुसान आडवे आले आणि म्हणाले, "चिठ्ठीवर लिहून द्या, मी विचारतो." उत्तर आलं, "सात." अक्षर तामोत्सुसानांचं होतं. सेन्सेईंना आता फोनही देत नव्हते. आधी त्या निदान जिन्यात कधीतरी ओझरत्या दिसायच्या, आता त्यालाही अठरा दिवस झाले होते.

एकदा जेवणाच्या वेळी वरून आवाज आला. तामोत्सुसानांचा. भिंतीतून आल्यासारखा दबका, पण शब्द कळत होते.

"नाही. सोड. पुन्हा."

मग पुन्हा तोच आवाज.

"जोर नको लावू म्हटलं ना. सोड. पुन्हा."

आणि काहीतरी भिंतीवर आपटलं. मग सेन्सेईंचं रडणं, किंवा हसणं. खालून नीट कळेना.

किनुएने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. "हा माणूस त्यांना कोंडून ठेवतोय," ती म्हणाली. "स्वतः काढतोय, आणि नाव त्यांचं लावतोय. सही करायला लावत असेल नाहीतर."

"मग वर जाऊन विचारा ना."

"आणि सावध झाला तर?"

मला तेव्हा हे बरोबर वाटलं. खरं सांगायचं तर मीही त्या दिवसापासून मुळा खाताना त्यांच्या हातांकडे बघायला लागले. एखाद्याकडे अशा नजरेने चार दिवस बघा, त्याने काहीही केलं तरी तो संशयितच दिसतो. जिन्यावरून हळू चालले तर लपतोय, जोरात चालले तर धमकावतोय.

आठ दिवसांनी किनुएने आमचे संपादक इनुई यांना स्टेशनजवळच्या कॉफीच्या दुकानात बोलावलं. मला साक्षीला नेलं. इनुई पस्तिशीचे, नेहमी घाईत असलेले गृहस्थ. तिने पानं काढून रेघा दाखवल्या, मान दाखवली, चिठ्ठी दाखवली. वरून ऐकू आलेलं शब्दशः सांगितलं. इनुईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चमचा बशीत ठेवला.

"ओनोदेरासान," ते म्हणाले, "तुम्हाला नेमकं काय हवंय?"

"म्हणजे?"

"सोळा वर्षं दुसऱ्याच्या पानावर दोऱ्या काढतंय माणूस. मनात काहीतरी येत असेलच. वाचक विधीच्या पानांची तारीफ करतात, पत्रं येतात, आणि नाव मात्र कुठे नाही."

किनुएने पानं गोळा केली. "मला सेन्सेई डोळ्यांनी दिसायला हव्यात," ती म्हणाली. "बाकी काही नको."

मी शेजारी बसले होते आणि मला लाज वाटते सांगायला, पण इनुईंचं बोलणं क्षणभर मलाही पटलं. ती इतकी वर्षं पुढेपुढे न करता राहिली, ते खरंच मनापासून होतं का? घरी परतताना मी तिच्याशी फारसं बोलले नाही. तिच्या ते लक्षात आलं असणार. तिच्या काय लक्षात येत नसे?

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला इनुई न कळवता आले. बूट काढले आणि थेट जिन्याकडे गेले. तामोत्सुसान ओला हात पुसत स्वयंपाकघरातून आले आणि जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले.

"आज नाही, इनुईसान."

"मला त्यांना पाच मिनिटं भेटायचंय."

"ती कामात आहे."

"तेच काम बघायचंय मला."

कुणीच हलेना. मी टेबलाची कड धरून उभी होते. किनुए बसूनच होती, पाठ ताठ, हात मांडीवर. तेवढ्यात वरचं दार सरकलं आणि सेन्सेई जिना उतरून आल्या. केस विस्कटलेले, अंगात यजमानांचा जुना स्वेटर. चेहऱ्यावर माराची खूण वगैरे काही नाही. उजवा हात बाहीत आत ओढलेला आणि डाव्या हातात टाक.

त्या इनुईंच्या बाजूने आत आल्या. खिडकीजवळच्या आपल्या जुन्या टेबलाशी बसल्या, एक कागद पुढे ओढला आणि आमच्यादेखत डाव्या हाताने तोवाचा चेहरा काढला. सावकाश. ओठ आतल्या बाजूला घेऊन. हनुवटीखाली उलट्या रेघा मारल्या. तोवा पुन्हा उजवीकडेच बघत होती.

"झालं समाधान?" त्यांनी इनुईंना विचारलं.

मग सांगितलं. गेल्या नोव्हेंबरपासून टाक धरला, की उजव्या हाताची बोटं आपोआप आत वळायची. कंगवा धरता येत होता, भात खाता येत होता, फक्त टाक नाही. डॉक्टर म्हणाले, काहींचं बरं होतं, काहींचं होत नाही. तेव्हा तामोत्सुसानांनी त्यांना डाव्या हाताने रेघ मारायला शिकवायला घेतलं होतं. मागे बसून, मनगट हातात धरून, लहान मुलाला शिकवावं तसं. शाई त्यामुळेच त्यांच्या बाहीला लागायची. टाक भिंतीवर सेन्सेईंनीच फेकला होता, आणि मग दोघांना हसू आलं होतं. डाव्या हाताने चेहरे जमले होते, अक्षर अजून जमत नव्हतं, म्हणून चिठ्ठ्या ते लिहायचे.

"मला सांगायचं तरी," इनुई म्हणाले.

"तुम्ही मालिका थांबवली असतीत. ते मी सोसलं असतं." सेन्सेईंनी किनुएकडे बघितलं. "हिला कळलं असतं तर ही रोज भिंग घेऊन बसली असती. मला चुकायला जागा हवी होती. या घरात भीती मला एकाच डोळ्याची होती."

किनुएने मान खाली घातली. तामोत्सुसान अजून जिन्यापाशीच होते. ते तिला म्हणाले, आवाज न चढवता, "तुम्हाला वाटलं, मी तिला मारतो?"

"हो."

"किती दिवस वाटत होतं?"

"नऊ."

"आणि नऊ दिवस वर आला नाहीत."

वर तर मीही गेले नव्हते, पण मला कुणी विचारलं नाही. त्या दिवशी त्या घरात पहिल्यांदाच आम्हाला दुपारचं जेवण मिळालं नाही.

लेखिकेची प्रकृती बरी नाही असं छापून मासिकाने मालिका चार महिने थांबवली. किनुएने तीन ओळींचा राजीनामा पोस्टाने पाठवला. सेन्सेईंनी त्याला उत्तर दिलं नाही.

ऑक्टोबरमध्ये काम पुन्हा सुरू झालं. विधी मी काढले. मी जीव ओतून काढले, पण महिन्याभरात पत्रं आली. एका वाचक मुलीने लिहिलं होतं, 'या वेळची दोरी कशालाच बांधलेली नव्हती.' ते पत्र मी दोनदा वाचलं आणि सेन्सेईंच्या टेबलावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक पाकीट दिलं, किनुएच्या खोलीवर नेऊन द्यायला. आत पुढच्या अंकाची सहा पानं होती. चेहरे काढलेले, विधीची जागा कोरी. सोबत ओळ नाही, शब्द नाही.

किनुएने पानं चटईवर पसरली आणि हात न लावता बघत बसली.

"दया दाखवतायत?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"की शिक्षा? रोज समोर बसून तोंड बघायला लावायची?"

"तेही माहीत नाही. मला फक्त नेऊन दे म्हणाल्या."

"तू काढतेस ना विधी? मग?"

"लोकांनी तक्रारी केल्या. दोरी कशालाच बांधलेली नाही म्हणे."

"खरंच आल्या तक्रारी?"

मी ते पत्र पिशवीत घालून आणलं होतं. तिने वाचलं. पाकिटावरचा शिक्का, तारीख, पत्ता सगळं तपासलं. मग तिने पहिलं पान हातात घेतलं. "म्हणजे काम अडलंय," ती म्हणाली. "मग ठीक आहे."

सोमवारी ती आली. सेन्सेई खिडकीशी काम करत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "तिसऱ्या पानावर वारा उत्तरेचा आहे." किनुए "बरं" म्हणाली. सोळा वर्षांच्या सोबतीवर आणि एका उन्हाळ्याच्या भांडणावर एवढंच बोलणं झालं.

पुढची पाच वर्षं ते घर वरून पूर्वीसारखंच होतं. सेन्सेई मात्र कुठलंही पत्र टेबलावर उघडं टाकत नसत. तामोत्सुसान माझं ताट हातात देत, किनुएचं ओट्यावर ठेवून "ठेवलंय" म्हणत. तिने भिंग सेन्सेईंच्या पानांवर पुन्हा धरलं नाही, आणि ती ते धरत नाही याकडे सेन्सेईंचं लक्ष असायचं. दोघी एकमेकींशी इतक्या अदबीने बोलायच्या, की ऐकणाऱ्याला थकवा यावा.

तिसऱ्या वर्षी एका दुपारी तामोत्सुसान तांदूळ धुता धुता थांबले आणि ओल्या हातानेच टेबलाशी आले. "ओनोदेरासान, खरं सांगा. हिची रेघ आता कशी आहे?"

सेन्सेईंची पाठ आमच्याकडे होती. टाकाचा आवाज थांबला.

किनुएने आपला टाक खाली ठेवला. "चेहरा बसलाय," ती म्हणाली. "सावली अजून घाबरते."

"मी म्हटलं नव्हतं?" तामोत्सुसान बायकोकडे वळून म्हणाले.

"तुम्हा दोघांचं आता जमलं वाटतं," सेन्सेई म्हणाल्या आणि काढायला लागल्या. त्या दिवशी किनुएचं ताट तामोत्सुसानांनी हातात दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओट्यावर.

मालिका २००२ मध्ये संपली. शेवटच्या दारापाशी तोवा तीन गाठी मारते आणि दोरी टाकून देते. रेकी ओळखो न ओळखो, ती तशीच चालत त्याच्याकडे जाते. यावरून त्या दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. "विधी अर्धा टाकता येत नाही," किनुएचं म्हणणं. सेन्सेईंचं म्हणणं, की आठवणीला विधी लागत असेल तर रेकीचा उपयोग काय? तीन दिवस दोघी खऱ्याखुऱ्या भांडल्या, अदब वगैरे सोडून. मला फार बरं वाटलं. शेवटी मालिका सेन्सेईंची, तिथे त्यांचंच चाललं. पण टाकलेली दोरी कशी पडेल ते किनुएने ठरवलं आणि त्या एका चौकटीला चार दिवस घेतले. शेवटच्या खंडात इनुईंनी आमची नावं छापली. किनुएने छापखान्यातून आलेली प्रत घेऊन आपल्या नावातलं प्रत्येक अक्षर बोटाने तपासलं.

नंतर ती गावी परत गेली, भावाच्या शेजारी. मी अधूनमधून फोन करते. गेल्या हिवाळ्यात मी तिला सरळ विचारलं, "सेन्सेईंनी तुम्हाला माफ केलं होतं का हो?"

"माहीत नाही. मी विचारलं नाही."

"इतक्या वर्षांत?"

"हो म्हणाल्या असत्या तर माझा विश्वास बसला नसता. नाही म्हणाल्या असत्या तर लगेच बसला असता. मग विचारून काय करायचं?"

पलीकडे किटलीची वाफ वाजत होती. तिने मला थांबायला सांगितलं, उठून गॅस बंद करून आली, आणि मग माझ्या आवाजावरून मला सर्दी झालीय की मी काही लपवतेय, असं विचारायला लागली.